व्होल्टेज बरोबर दाखवतंय, मग चालत का नाही? लोड लावून मोजायची सवय

अडॅप्टर मोजला, बरोबर बारा व्होल्ट येतायत, पण सर्किट जोडलं की काहीच होत नाही, काय असेल? हा प्रश्न मला इतक्या वेगवेगळ्या रूपांत येतो की आता प्रश्न पूर्ण वाचायच्या आधीच उत्तर टाईप करायला घेतो. कधी अडॅप्टरच्या जागी सेल असतो, कधी भिंतीतलं सॉकेट, कधी दहा मीटर लांब वायरच्या टोकाची एलईडी स्ट्रिप. आणि माझा उलटा प्रश्न दर वेळी एकच, मोजताना लोड, म्हणजे करंट ओढणारं काहीतरी, जोडलेला होता का? नव्हता, असंच उत्तर येतं बहुतेक वेळा, आणि तिथेच अर्धं काम होऊन जातं.

आता असं का ते एकदा नीट बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. डिजिटल मल्टीमीटर व्होल्टेजवर ठेवला की त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो. म्हणजे १२ व्होल्ट मोजताना तो फक्त १.२ मायक्रोअँप करंट ओढतो. एवढासा करंट गंजलेल्या स्क्रूतून जातो, काजळी धरलेल्या स्विचमधून जातो, मरायला टेकलेल्या सेलमधूनही जातो. समजा एखादा जॉइंट इतका खराब झालाय की त्याचा रेझिस्टन्स १० किलोओहम आहे. मीटर त्याच्या पलीकडे ११.९९ व्होल्ट दाखवेल आणि तुम्ही म्हणाल वायर एकदम ठीक. पण त्याच जॉइंटमधून अर्धा अँपिअर न्यायचा म्हटलं तर काहीच जाणार नाही, कारण बाराच्या बारा व्होल्ट त्या जॉइंटवरच संपतात. बीपचंही तसंच. कंटिन्युइटीवर, म्हणजे वायर जोडलेली आहे का ते बीप देऊन सांगणाऱ्या सेटिंगवर, बहुतेक मीटर तीस-चाळीस ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतात, त्यामुळे बीप आला म्हणजे वायर जोडलेली आहे एवढंच कळतं, ती किती करंट नेईल ते कळत नाही. चाळीस तारांपैकी एकच तार शिल्लक असलेली वायरसुद्धा तेवढ्याच खणखणीत आवाजात बीप देते.

मोजायला बसायच्या आधी मीटरबद्दल दोन गोष्टी, कारण इथे चूक झाली तर पुढचं वाचायला वेळ मिळणार नाही. लाल प्रोबची पिन १० अँपिअरच्या भोकात राहिली आहे का ते दर वेळी बघा. काल करंट मोजला, आज घाईत तोच मीटर उचलून सॉकेटमध्ये घातला, असंच होतं नेमकं. त्या भोकाच्या आत एक जाडसर शंट, म्हणजे जाड तारेचा तुकडा, असतो, रेझिस्टन्स जवळजवळ शून्य, म्हणजे तुम्ही फेज आणि न्यूट्रलमध्ये नुसती वायर घातल्यासारखं होतं, आणि स्वस्तातल्या बऱ्याच मीटरांत त्या भोकाला फ्यूजसुद्धा नसतो. दुसरं म्हणजे नॉब डीसीवर ठेवून एसी मोजलं की मीटर शून्य दाखवतो आणि माणूस सप्लाय बंद आहे समजून हात घालतो. म्हणून घरच्या लाईनवर सप्लाय गेलाय का हे बघताना आधी चालू असलेल्या सॉकेटवर मीटर दाखवतोय ना ते बघा, मग तुमची जागा मोजा, मग परत त्या चालू सॉकेटवर बघा. मधल्या काळात मीटरचा सेल संपला किंवा प्रोब तुटला तर तिसऱ्या वेळी कळतं. मीटरवर कॅट २ किंवा कॅट ३ (तो कुठल्या लाईनवर सुरक्षित आहे त्याचा वर्ग) आणि पुढे व्होल्टेज छापलेलं असतं, सॉकेटसाठी निदान कॅट २ हवा आणि मेन बोर्डाजवळ कॅट ३. काहीच छापलेलं नसेल तर तो मीटर सेल-बॅटरीपुरता ठेवा.

सराव घरच्या लाईनवर करू नका, टेबलावर करा. गाडीचा १२ व्होल्टचा फिलामेंट बल्ब, ५ वॅटचा छोटा चालेल, त्याला दोन वायर सोल्डर करून घ्या. तो साधारण ०.४ अँपिअर घेतो, हा तुमचा टेस्ट लोड. इंडिकेटरचा २१ वॅटचा मोठा बल्ब घेतलात तर पावणेदोन अँपिअर. मात्र फिलामेंट थंड असताना कितीतरी जास्त करंट घेतो, त्यामुळे छोटा अडॅप्टर मोठा बल्ब लावताक्षणी प्रोटेक्शनमध्ये जाऊ शकतो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होऊ शकतो, तेव्हा अडॅप्टरला लगेच नावं ठेवू नका. पाच व्होल्टसाठी १० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, अर्धा अँपिअर जाईल आणि अडीच वॅट उष्णता होईल, म्हणजे तो चांगला चटका देण्याइतका तापेल, प्लास्टिकवर ठेवू नका. आता अडॅप्टर आधी रिकामा मोजा, मग लोड लावून मोजा. १२.१ चे ११.९ झाले तर उत्तम. १२.१ चे ७ झाले, किंवा आकडा वरखाली नाचायला लागला, तर अडॅप्टर गेला. बहुतेक वेळा आतला आउटपुटचा, चार्ज साठवणारा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकलेला किंवा डोकं फुगलेला असतो. उघडून बघायचा मोह होईलच, पण आत मेनच्या बाजूचा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३२५ व्होल्टच्या आसपास चार्ज धरून असू शकतो. तो स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायचा नसतो. काही किलोओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरने काही सेकंद लावून धरायचा आणि मग मीटरने मोजून खात्री करायची.

जुन्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाल्या सप्लायचं मात्र उलटं असतं, तिथे रिकामं मोजलं की आकडा जास्त येतो आणि लोक घाबरतात. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड, एका वेळी त्यातले दोन चालतात), कपॅसिटर, एवढंच असेल तर १२ गुणिले १.४१४ म्हणजे १७, त्यातून दोन डायोडचे साधारण १.४ वजा, म्हणजे साडेपंधरा व्हायला हवेत. पण ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ हे पूर्ण लोडवरचे असतात, रिकामा असताना तो त्याहून जास्त देतो, म्हणून मीटरवर १७-१८ दिसतात. यात बिघाड काही नाही. फक्त तिथे १६ व्होल्टचा कपॅसिटर लावू नका, निदान २५ चा लावा. याच्यापुढे ७८०५ ही रेग्युलेटर आयसी लावून पाच व्होल्ट काढणारे बरेच जण म्हणतात की दोन मिनिटं चालतं, मग बंद पडतं, थोड्या वेळाने परत चालू. १५ आत, ५ बाहेर, मधले १० व्होल्ट त्या बिचाऱ्यानेच खायचे, ०.३ अँपिअर घेतला की ३ वॅट. हीटसिंक नसताना दर वॅटला तो साधारण ६५ अंशांनी तापतो, तीन वॅटचा गुणाकार केलात की कळेल तो स्वतःला का बंद करून घेतो. हीटसिंक लावा, किंवा सरळ बक कन्व्हर्टर वापरा, तो जास्तीचे व्होल्ट असे उष्णतेत न घालवता कमी करतो.

आता वायर. यात सगळ्यात जास्त जण फसतात, कारण वायर म्हणजे शून्य ओहम असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पातळ चार्जिंग केबलच्या आतली तांब्याची वायर साधारण ०.०८ चौरस मिलिमीटरची असते आणि तिचा रेझिस्टन्स मीटरला ०.२१ ओहम पडतो. दोन मीटरची केबल म्हणजे जायचे दोन आणि यायचे दोन असे चार मीटर, म्हणजे सुमारे ०.८५ ओहम. एक अँपिअर घेतला की ०.८५ व्होल्ट वाटेतच गेले आणि पाचाचे ४.१५ उरले. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड ४.६३ च्या खाली गेला की लो व्होल्टेजचा इशारा देतो, आणि लोक तीन तीन अडॅप्टर बदलतात पण केबल तीच ठेवतात! तेच अंतर ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरने नेलं तर ०.१४ व्होल्टमध्ये भागतं.

हे मोजायची एक युक्ती आहे जी मला फार उशिरा कळली. एक प्रोब वायरच्या सुरुवातीला आणि दुसरा प्रोब त्याच वायरच्या शेवटाला लावायचा, लोड चालू ठेवून, मीटर डीसी व्होल्टेजच्या छोट्या रेंजवर. जो आकडा येईल तो त्या वायरने खाल्लेला व्होल्टेज. प्लसच्या वायरवर मोजा, मग मायनसच्या वायरवरही मोजा, मायनसचं सगळे विसरतात आणि बरेचदा खराब जॉइंट तिथेच निघतो. अडॅप्टरचे व्होल्ट म्हणजे लोडवरचे अधिक प्लस वायरवरचे अधिक मायनस वायरवरचे, ही बेरीज जुळली की तुमचं मोजणं बरोबर. जुळली नाही तर मधे एखादा कनेक्टर मोजायचा राहिलाय. एलईडी स्ट्रिपचंही हेच दुखणं. मीटरला १४.४ वॅटची पाच मीटर स्ट्रिप ७२ वॅट म्हणजे बारा व्होल्टला ६ अँपिअर मागते, आणि स्ट्रिपमधली तांब्याची पट्टी अगदी पातळ असते, म्हणून शेवटचा मीटर मंद दिसतो. दोन्ही टोकांना सप्लाय द्या, काम झालं.

सुट्या एलईडीला किती ओहम लावू हा प्रश्न असतोच, तर तो इथेच उरकतो: सप्लायमधून एलईडीचे व्होल्ट वजा करा, हव्या त्या करंटने भागा. लाल एलईडी २ व्होल्ट धरा, पांढरी-निळी ३ च्या थोडं वर. १२ वजा २ भागिले ०.०१ अँपिअर म्हणजे १००० ओहम, पाव वॅटचा पुरतो. रेझिस्टर न लावता चालली म्हणून खूश होऊ नका, ती जाणार आहे.

आतापर्यंत मीटर चांगलं सांगत होता पण प्रत्यक्षात वाईट होतं. घरच्या वायरिंगमध्ये उलटाही प्रकार होतो. स्विच बंद आहे, होल्डर रिकामा आहे, आणि मीटर ६० किंवा ९० व्होल्ट दाखवतो. हे काय? एकाच पाइपातून दोन वायरी शेजारी शेजारी जातात तेव्हा त्या दोन वायरींचा मिळून एक छोटा कपॅसिटर तयार होतो, चालू वायरीचा थोडा परिणाम बंद वायरीवर दिसतो आणि १० मेगाओहमवाला मीटर तेवढ्यानेही फसतो. तिथे फिलामेंटचा बल्ब लावा, आकडा धपकन शून्यावर येईल. आला तर तो नुसता आभास होता. नाही आला तर खरंच कुठून तरी सप्लाय येतोय आणि ते शोधलंच पाहिजे.

एलईडी बल्ब स्विच बंद केल्यावरही रात्री मंद पेटलेला राहतो किंवा मधूनच लुकलुकतो, त्याचं मूळही बरेचदा इथेच असतं, नाहीतर स्विचमधल्या छोट्या इंडिकेटरमुळे, कारण तो इंडिकेटर बल्बमधूनच आपला करंट पूर्ण करतो. पण आधी एक गोष्ट तपासा, स्विच फेजमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये. न्यूट्रलमध्ये असेल तर बंद करूनही होल्डरमध्ये फेज जिवंत असते आणि बल्ब बदलताना शॉक बसू शकतो, ते आधी दुरुस्त करून घ्या. वायरिंग ठीक असेल तर इंडिकेटर नसलेला स्विच लावा, नाहीतर बल्बला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा, एक्स२ छापलेला (म्हणजे मेनवर जोडण्यासाठीच बनवलेला) कपॅसिटर लावतात. एक्स२ च हवा, हाताशी आहे म्हणून दुसरा कुठलाही नको.

टेस्टरबद्दल थोडक्यात. त्याच्या आत निऑनचा छोटा दिवा आणि मोठा रेझिस्टर असतो आणि सर्किट तुमच्या अंगातून पूर्ण होतं, करंट इतका कमी की जाणवत नाही. टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे असं आपण म्हणतो, पण सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटला तर? बहुतेक वेळा न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असतो, आणि त्याच लाईनवर चालू ठेवलेल्या दिव्या-पंख्यातून फेज फिरून न्यूट्रलच्या भोकात आलेली असते. सगळी उपकरणं काढून परत बघा, एकाच भोकात पेटला तर न्यूट्रल शोधा. आणि टेस्टर पेटला नाही म्हणजे सप्लाय नाही असं कधीच धरू नका.

आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा बोर्डावरचा स्विच, सारखी पडते त्याचं एक कोडं सांगून ठेवतो. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट जुळतोय का ते बघते, घरातल्या आरसीसीबीत सहसा ३० मिलीअँप फरक पडला की बंद. (म्हणजे एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात तर तिला तुम्ही बल्बच वाटता, तेव्हा ती आहे म्हणून बिनधास्त होऊ नका.) लोक सगळे एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारे बोर्डावरचे स्विच) खाली करून एकेक वर करत जातात, ते बरोबरच आहे, पण सगळे खाली असतानाही ती पडली तर गोंधळतात. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्यामुळे कुठे न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना टेकत असतील तर एमसीबीने काहीच फरक पडत नाही. म्हणून उपकरणं नुसती स्विचने बंद न करता प्लगच उपटून बघा. सगळे प्लग काढूनही पडत असेल तर फॉल्ट भिंतीत आहे, तिथे इन्सुलेशन टेस्टर घेऊन येणारा इलेक्ट्रिशियन लागतो, आपला मल्टीमीटर पुरत नाही.

बिघडलेलं उपकरण दुरुस्त करून पहिल्यांदा चालू करताना मी सरळ सॉकेटमध्ये कधीच लावत नाही, सिरीज बोर्डवर लावतो. १०० वॅटचा फिलामेंट बल्ब, एक सॉकेट, फेज आधी स्विचमधून, मग बल्बमधून, मग सॉकेटला, न्यूट्रल आणि अर्थ थेट. उपकरण शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि बाकी काही जळत नाही. चांगला अडॅप्टर लावला तर बल्ब क्षणभर चमकून विझतो, तो चमकला म्हणजे आतला कपॅसिटर चार्ज झाला. काहीच झालं नाही तर आत फ्यूज किंवा वायर तुटलीये. एक फसगत लक्षात ठेवा, १००० वॅटचा हीटर किंवा इस्त्री लावली तरी बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो, कारण त्याचा रेझिस्टन्स ५३ ओहम आणि बल्बचा पेटल्यावर ५२९. तो शॉर्ट नाही. आणि बल्ब विझलेला असला तरी उपकरणात मेनचे व्होल्ट असतातच, हात लावू नका.

इस्त्रीवरून आठवलं. माझी हजार वॅटची इस्त्री तापेना. सॉकेट मोजलं, २२८ व्होल्ट, म्हटलं सॉकेट ठीक, म्हणजे इस्त्रीच गेली. उघडली, कॉइल मोजली, ५३ ओहम, थर्मोस्टॅटवर संशय घेतला, नवीन आणून बसवला, बंद केली, लावली, थंड. दोन संध्याकाळी यात गेल्या. तिसऱ्या दिवशी एक्स्टेन्शन बोर्ड लावला, त्याच्या एका सॉकेटमध्ये इस्त्री आणि शेजारच्या रिकाम्या सॉकेटमध्ये मीटरचे प्रोब. इस्त्री बंद, २२८. इस्त्री चालू, अर्ध्या व्होल्टच्याही खाली! प्लग काढला, परत २२८. एक शब्द तोंडून गेला तो इथे लिहीत नाही. मेन बंद केलं, बोर्ड उघडला, स्विच बाहेर काढला आणि चालू स्थितीत त्याच्या दोन स्क्रूंमध्ये ओहम मोजले, ३० किलोओहमच्या आसपास. चांगल्या स्विचला तिथे मीटरच्या प्रोबांएवढेच, म्हणजे एक ओहमच्या आत दिसायला हवेत. खोलून बघितलं तर कॉन्टॅक्टचा चांदीसारखा ठिपका नाहीसा, तिथे काळा खड्डा आणि सगळीकडे काजळी.

तुमच्याकडे असं झालं तर क्रम उलटा ठेवा. आधी एक्स्टेन्शनवर लोड लावून मोजा. व्होल्टेज पडला तर उपकरण उघडूच नका, मागे मागे जा, प्लग, सॉकेट, स्विच, जंक्शन. पाच-सात व्होल्टच पडले तर लांब वायर असेल, चालतं. पण पाच मिनिटं वापरून प्लग काढल्यावर त्याच्या पिना गरम लागत असतील तर मात्र सोडू नका. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो, आणि स्क्रू ढिला राहून तिथे अर्धा ओहम जरी तयार झाला तरी त्या एका जागी ३८ वॅट उष्णता होते. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. म्हणजे भिंतीतल्या प्लास्टिकच्या डब्यात त्याहून मोठा सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं आहे, आणि एमसीबीला यातलं काही कळत नाही कारण करंट नेहमीपेक्षा वाढलेलाच नसतो. मेन बंद करा, वायरचं काळं पडलेलं टोक कापून टाका, ताजं तांबं सोला, मल्टीस्ट्रँड असेल तर लग किंवा फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) लावा, सोल्डर लावून स्क्रूखाली दाबू नका कारण सोल्डर हळूहळू दबत जातो आणि स्क्रू परत ढिला होतो. एकदा चटका खाल्लेलं सॉकेट मात्र परत वापरू नका, आतल्या पत्तीचा ताण गेलेला असतो, कितीही आवळलं तरी पिना धरत नाही.

स्विच बदलला, इस्त्री चालू आहे. काढलेला थर्मोस्टॅट डब्यात पडून आहे, तो चांगलाच होता.